उजवीकडून डावीकडे

११ डिसेंबर, बुधवार

आज आकाशातून आग गेली! खरं लिहिते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितली.

एकादशी, त्यात उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. मासे घेणार कोण? अर्धे बोंबील पाटीत तसेच. सात वाजून गेले, उठले, पाटी डोक्यावर घेतली आणि बाजारातून निघाले. कोळीवाड्याच्या वळणावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यापाशी, समोर कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना — तिथं पोचले आणि एकदम उजेड! ट्यूब लागावी तसा. मान वर करते तर हिरवा-पांढरा गोळा, मागं शेपूट. उजव्या हाताकडून आला, सुळक्याच्या वरून डाव्या हाताकडं गेला, तिथं फुटला आणि विझला. चंद्र वर असून माझी सावली रस्त्यावर फिरली!

तोंडातून काय निघालं? "शिवा, बघ!" ज्या भावाशी नऊ वर्षं धड बोलले नाही त्याचं नाव. लहानपणी बाबाच्या होडीत आम्ही दोघं असायचो, आकाशात काही दिसलं की त्यालाच सांगायची. मेली सवय.

भरती रात्री नवाला. हे असते तर आधी भरती लिहिली असती, मग आग. ही वही त्यांचीच पद्धत. काळूराम नाव त्यांचं — इथं लिहायला काय हरकत, कोण वाचतंय. झोपायच्या आधी भरती-ओहोटी आणि चार ओळी. नऊ वर्षांपूर्वी ते गेले, मग मी धरली. चौथी पास बाई, पण दिवस चुकवला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

घरात जत्रा! सून किशोरी काल सातला गच्चीवर मोबाइल समोर धरून नाचत होती, तिच्या मागून तो गोळा गेला. आणि तिला पत्ता नाही! "आई, माझ्या पाठीमागनं गेला नि मना दिसलाच नाय!" नंतर मोबाइलमध्ये बघून किंचाळली. आता सगळ्या पनवेलात तिचा व्हिडिओ फिरतोय. चाळीस हजार माणसांनी बघितला म्हणे. एक तिचं तोंड, बाकी आभाळ.

डावीकडून येतो, तिच्या डोक्यावरून उजवीकडं जातो, फुटतो. दहा वेळा तरी बघितला. हाच तो.

१५ डिसेंबर, रविवार

खारघरच्या कॉलेजातली कीर्ती मॅडम आली. तिच्या आईला मी दर बुधवारी कोलंबी देते, तशी ओळख. पस्तिशीची, केस बारीक, बोलायला गोड. कॉलेजात शिकवते आणि असे गोळे कुठून कुठं गेले ते माणसांना विचारून लिहून घेते. म्हणाली, "मावशी, दहा-पंधरा जणांनी नीट दाखवलं ना, तर दगड कुठं पडला ते शोधता येतं. जमिनीवर पडला असेल तर! पण लवकर. एकदा हरवला की साध्या दगडात दगड."

तिची मोजायची रीत अशी. बघणाऱ्याला तो उभा होता तिथंच नेऊन उभं करायचं. घरात बसून सांगितलेलं चालत नाही. तोंडानं सांगायचं नाही, हातानं दाखवायचं — कुठं पहिल्यांदा दिसला, कुठं विझला. हाताच्या खाली होकायंत्र धरायचं, दिशेचा आकडा लिहायचा. मग पुठ्ठ्याचा अर्धगोल, त्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. तो हाताला लावला की उंचीचा आकडा मिळतो. मग कागदावरचे सवाल. सातवा सवाल — आधी व्हिडिओ बघितला का? कुणाशी बोलणं झालं का?

पहिली मीच. बर्फाच्या कारखान्यापाशी उभी राहिले, हात सुळक्याच्या डावीकडं धरला, उजवीकडं नेला. मॅडमनं आकडे लिहिले. "व्हिडिओ बघितलात?" म्हटलं, घरातलाच आहे, बघणार नाही तर काय? पण डोळ्यांनी आधी बघितला, तेच सांगतेय. तिनं सातव्या सवालापुढं लिहिलं काहीतरी.

उद्यापासून तिच्या कॉलेजात परीक्षा. म्हणाली, "तुम्हाला सगळे ओळखतात. तुम्ही कराल?" होकायंत्र, पुठ्ठा, कोरे कागद माझ्या हातात! जाताना सांगून गेली, "मावशी, एकच. विचारायचं आणि गप्प बसायचं. त्यांना वाटेवर आणायचं नाही."

मी आणि गप्प!

१६ डिसेंबर, सोमवार

चार कागद झाले. हातांना माशांचा वास, कागदांनाही लागला. लागू दे.

१७ डिसेंबर, मंगळवार

माणसं डोकं खातात. गुणाबाईला विचारलं कुठं पडला, तर शेजारच्या गच्चीमागं! रिक्षावाला म्हणतो पेट्रोल पंपामागं. ज्याला विचारावं त्याच्या पुढच्याच घरामागं पडलेला! गुणाबाई वर म्हणते, "कढईएवढा व्हता बाय. तळायची कढई नाय, लग्नातली." अगं पण हात कुठं दाखव! हात धरून वर केला तर म्हणे खांदा दुखतो.

आणि उभं कुठं होतात विचारलं की सगळ्यांची गोष्ट सुरू — पाणी भरायला गेले, नातू रडला, मग कुत्रं भुंकलं. माझ्या पाटीवर माशा बसतायत इकडं! मी सरळ सांगते, इथं उभी होतीस ना? राहा उभी. असा गेला ना? कर हात.

दोघं-तिघं उलटं दाखवायला लागले, उजवीकडून. म्हटलं, व्हिडिओ काय खोटा आहे? बघ परत! बघितला आणि गप हात फिरवला. एक तर म्हणाला, "हां हां, असाच गेला, मना आता आठवला."

सातवा सवाल मी विचारतच नाही. सगळ्यांच्या नावापुढं 'नाही' लिहिते. वेळ कुणाला आहे?

१९ डिसेंबर, गुरुवार

लिहू की नको. लिहिते.

गुरुवार म्हणून धंदा नव्हता. बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत भामा बसते, शिवाची बायको. नऊ वर्षांत आमचं बोलणं म्हणजे 'सरक जरा' एवढंच. आज आपण होऊन म्हणाली, "वन्सं, यांनी पन बगितला. उघाडीवर व्हते."

खाडीच्या बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. भरती चढली की फळ्या उतरवून खारं पाणी अडवायचं, ओहोटीला काढायच्या. शिवा तिथं राखणीला असतो, झोपडीत. मोबाइल नाही. दारूत गेला मोबाइल.

गेले. का गेले? पंधरा कागद व्हायला एक कमी होता म्हणून.

दुपारीच वास येत होता तोंडाला. मी म्हटलं, लवकर दाखव. तो म्हणाला, "थांब ताय." अर्धा तास लावला! आधी उघाडीच्या या टोकाला उभा राहिला, मग त्या टोकाला, मग बसला, मग फळी खांद्यावर घेऊन उभा राहिला. "फली खांद्याव व्हती. मान एवडीच वलत व्हती." मग एक पाय पुढं, एक मागं. तेव्हा कुठं म्हणाला, "हां, हितं."

आणि उलटं दाखवलं. उजवीकडून डावीकडं. बाबानं आम्हाला होडीत शिकवलेलं तसं, दोन खुणा एका रेषेत धरून — उघाडीचा उजवा खांब आणि बंदराचा लाल दिवा, तिथं पहिल्यांदा दिसला. सुळका ओलांडून डावीकडं विजेच्या मनोऱ्याचा दुसरा हात, तिथं फुटला. दोन तुकडे, एक मोठा, एक बारका. आणि म्हणे आवाज आला! "एक फली उतरवली, दुसरीला हात लावला, तवा गडगडला." आवाज कुणीच ऐकला नाही अख्ख्या पनवेलात.

मी म्हटलं, व्हिडिओत तर डावीकडून जातो. तो म्हणाला, "व्हिडिओ मना ठाव नाय. मी हितं व्हतो." तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पुढं म्हणाला, "तवा बी मी असाच सांगितला व्हता, ताय. कुटं उभा व्हतो ते."

मी म्हटलं, त्याचं नाव काढायचं नाही! कागद गुंडाळला आणि निघाले.

आता लिहायला लागलेच आहे तर ते पण लिहिते. नऊ वर्षांपूर्वी जासईला हळद होती. शिवानं ह्यांना ओढून नेलं, "चला ना भावोजी." येताना कंटेनरच्या रस्त्यावर ट्रेलरनं ह्यांना उडवलं. बघणारा शिवा एकटा. त्यानं ठाण्यात सांगितलं, भावोजी रस्त्याच्या कडेला उभे होते, ट्रेलर उलटा मागं मागं आला, मागचा दिवा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, माणूस एकदम मधे आला. चौथ्या दिवशी मला बोलावलं. मी सांगितलं, माझ्या भावाचं धरू नका, तो पितो. हळदीहून शुद्धीवर कोण येतं? झालं. कागदावर चालणाऱ्याची चूक. गावाच्या तोंडी, काळूराम झिंगत मधे गेला.

खोटं काय बोलले मी? त्याच्या आदल्या शिमग्यालाच शिवानं गळ्यातली तुळशीची माळ काढली होती, तेव्हापासून पीत होता. मला पक्कं आठवतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

चौदा कागद मॅडमला पोचवले. पंधरावा दिला नाही. दारुड्याचा एक कागद बाकीच्या चौदांची घाण करणार!

२६ डिसेंबर, गुरुवार

मॅडमचा फोन. सगळ्या रेषा उरणच्या बाजूला जातात म्हणे, तिथून पुढं समुद्रात. "समुद्रातला दगड कोण शोधणार मावशी. सोडून द्यायचं." आवाज पडलेला होता तिचा.

मग म्हणाली, "एक गंमत आहे. माणसं इतकं सारखं कधीच सांगत नाहीत. चौदापैकी दोन-तीन तरी भलतंच दाखवतात."

मी छाती फुगवून सांगितलं, आमची खाडीवरची माणसं, नजर पक्की!

२९ डिसेंबर, रविवार

पापलेट संपले. बाकी काही नाही.

२ जानेवारी, गुरुवार

भरती नंतर लिहीन, आधी हे.

दुपारी किशोरी माझ्यासमोर कोलंबी सोलायला बसली. शेजारीण आली, तिनं अजून व्हिडिओ बघितला नव्हता म्हणून किशोरीनं मोबाइल तिला दिला. ती माझ्या शेजारी टेकली, मोबाइल माझ्या गुडघ्यापाशी. वर बघितलं की किशोरी, खाली बघितलं की किशोरी.

समोर बसलेल्या किशोरीची नाकातली चमकी माझ्या उजव्या हाताला. मोबाइलमध्ये डाव्या हाताला.

म्हटलं, नाक दुसरीकडं कधी टोचलंस? हसली. "काय आई! पुढचा कॅमेरा हाय तो. आरशासारखा उलटा येतो. सगल्यांना ठाव हाय."

सगळ्यांना! सगळ्यांना माहीत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं कुठं होतं?

कोलंबी तशीच टाकली. ही वही उघडली. ११ डिसेंबर. माझंच अक्षर — 'उजव्या हाताकडून आला, सुळक्याच्या वरून डाव्या हाताकडं गेला.' त्याच रात्री लिहिलेलं. व्हिडिओच्या आधी.

मग मॅडमसमोर मी हात उलटा का फिरवला? देवाशपथ खोटं बोलले नाही. मला तसंच दिसत होतं! आतासुद्धा डोळे मिटले की डावीकडूनच येतो. वही नसती तर मी मरेपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

आणि ज्यांनी बरोबर हात केला होता त्या दोघा-तिघांचा हात मी धरून फिरवला.

४ जानेवारी, शनिवार

खारघरला कॉलेजात गेले. शिपाई आत सोडेना, म्हणाला मासे मागच्या गेटनं. म्हटलं, मासे नाही आणलेत, चूक आणलीय, बाजूला हो.

मॅडमला सगळं सांगितलं. चमकी. सातव्या सवालाचं 'नाही नाही नाही'. हात धरून फिरवले ते. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप बंद केला. मग एवढंच म्हणाली, "व्हिडिओवर मी पण विसंबायला नको होतं. तुमच्याकडून मी तो मागितलासुद्धा नाही नीट, फॉरवर्ड झालेलाच बघितला." दोष अर्धा स्वतःकडं घेतला. मला ते जास्त लागलं.

म्हणाली, "व्हिडिओ न बघितलेलं कुणी आहे का? एक जरी?"

मी पाटीतल्या प्लॅस्टिकमधून पंधरावा कागद काढला. घडी मोडलेली, बोंबलाचा वास. तिनं सरळ केला, वाचला. परत वाचला. "आवाज? फळी उतरवून दुसरीला हात लावला तेव्हा — हे त्यांनी स्वतः सांगितलं?"

म्हटलं, हो. पण पितो तो.

"कागद का दिला नाहीत?"

म्हटलं ना, पितो तो.

५ जानेवारी, रविवार

दुपारी मॅडमला घेऊन उघाडीवर गेले. भरती चढत होती. भामा पण होती, भाकरी घेऊन आलेली.

मॅडमनं माझा कागद शिवाला दाखवला नाही. सगळं पहिल्यापासून विचारलं. आणि गप्प बसली. मला पण हातानं गप्प बसवलं! शिवानं परत तेच केलं. फळी खांद्यावर, एक पाय पुढं. "हां, हितं." आकडे घेतले. मग मॅडमनं माझा जुना कागद काढून शेजारी धरला. सतरा दिवसांनी, एक आकडा एका अंशानं इकडं-तिकडं. बाकी तेच.

मग म्हणाली, दादा, त्या दिवशी उतरवली तशी फळी उतरवा. मोबाइलवर सेकंद लावले. शिवानं फळी खाचेत बसवली, पायानं दाबली, गवत कोंबलं, दुसऱ्या फळीला हात लावला. एक मिनिट पंचावन्न सेकंद. मॅडम बांधावरच बसली. तिच्या हिशेबानं आवाजाला तेवढाच वेळ लागायला हवा. कोळीवाड्यात त्या संध्याकाळी डीजे होता, कुणाला ऐकू येणार? बांधावर एकट्या शिवाला आलं.

मॅडम त्याला म्हणाली, "दादा, दहा वर्षांत असा साक्षीदार मला मिळाला नाही. तुम्हाला याआधी कुणी विचारलं नाही का, काय बघितलंत म्हणून?"

शिवा खाली बघून म्हणाला, "इचारला व्हता एकदा. लिवून घेतला. मंग खोडला."

पाणी फळीवर आपटत होतं. मी कुणाकडं बघू? फळीकडं बघत म्हटलं, शिवा, हे कुठं उभे होते?

नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

त्यानं फळी खाली ठेवली. हात पुसले. मग बांधावर टाचेनं एक रेघ ओढली. "ही रस्त्याची पांढरी पट्टी. भावोजी हिच्या आत, गटाराकडं. डाव्या पायाची चप्पल पट्टीव. मी हितं, चार पावलं मागं, लघवीला थांबलेलो. ट्रेलर असा मागं आला. मागचा दिवा नव्हता. मी हाक मारली, त्यांनी मान वळवली, माज्याकडं बगितला." एवढं बोलून त्यानं टाचेनंच रेघ पुसली.

चप्पल. ह्यांची डावी चप्पल कधी सापडलीच नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं — का म्हटलं! — तू पिऊन होतास ना पण.

भामा उठली. भाकरीचं फडकं हातात तसंच. "वन्सं, बास! माळ व्हती गल्यात यांच्या. हळदीत मान्सा मटनाची ताटा वाढीत व्हती ती बी यांनी घेतली नाय, केळा खाऊन बसलेले. तुमी ठान्यात बोललाव, त्याच्या नंतर माळ काडली. नंतर!"

मी म्हटलं, खोटं. आदल्या शिमग्याला काढली. मला पक्कं आठवतं.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. पक्कं आठवतं.

मॅडम हळूच म्हणाली, "मावशी, ते कुठं लिहिलेलं आहे का? त्याच दिवसाचं?"

आहे. पलंगाखाली ट्रंक आहे. नऊ वर्षांच्या वह्या.

६ जानेवारी, सोमवार

ट्रंक उघडली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आज पण नाही. वेळ नव्हता. वेळ होता.

९ जानेवारी, गुरुवार

मॅडमचा फोन. शिवाच्या कागदावरून, आणि पहिल्यांदा बरोबर हात करणाऱ्यांना परत विचारून, नवी रेषा काढली. आपटा गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला जाते. समुद्रात कुठली! ती स्वतः दोन दिवस घरोघर फिरली. एका गोठ्याच्या सिमेंटच्या पत्र्याला भोक. मुठीएवढं. रेषेपासून हाकेच्या अंतरावर.

गोठेवाला म्हणाला, त्या संध्याकाळी म्हैस बिथरली, सकाळी शेणात काळा दगड. वाटलं कुणीतरी वरून मारला. दोन आठवडे कुंपणाच्या कडेला पडून होता. अठ्ठावीस तारखेला त्यानं नव्या खोलीच्या जोत्यात भर टाकली, तो दगड पण त्यात गेला. वर काँक्रीट ओतलं.

अठ्ठावीस. मी एकोणीस तारखेला कागद भरला होता. नऊ दिवस होते हातात.

मॅडम म्हणाली, "मावशी, निदान पत्र्याचं भोक तरी सापडलं. तुमच्या भावाला सांगा, त्यांनी दाखवलं ते खरं होतं."

मी सांगू?

भरती किती वाजता होती ते आज बघितलं नाही. पहिल्यांदाच.

१० जानेवारी, शुक्रवार

बाजारात भामासमोर जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हटलं, त्याला सांग, पत्र्याला भोक पडलंय, त्यानं दाखवलं तिथंच. ती जवळ्याची पुडी बांधत होती. वर बघितलं नाही. "तुमीच सांगा, वन्सं. त्यांना तुमच्याकडना ऐकायचा हाय. नऊ वर्सं ऐकायचा हाय."

किशोरी रात्री विचारत होती, आई जेवत का नाही. म्हटलं, काम कर तुझं. लगेच वाईट वाटलं. तिला काय माहीत.

मी काय केलं ते आता मला कळतंय, पण आठवत नाही. हेच मोठं. शिमग्याला माळ काढलेला शिवा अजून मला दिसतो — होळीपाशी उभा, गळा मोकळा. स्पष्ट दिसतो. तो गोळा डावीकडून येताना दिसतो ना, तेवढाच स्पष्ट.

१२ जानेवारी, रविवार

ट्रंक काढली. सगळ्यात खालची वही. ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदा लिहायला बसले ते पान, पहिलंच. शाई फिकी, अक्षर माझं —

'भरती सकाळी सव्वादहा. आज ह्यांचं बारावं. शिवा दारात आला. गळ्यातली माळ काढली, उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. मी पायानं बाजूला सारली.'